नेम दोघांचा



आषाढी जवळ आली की माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो. विचारणारी बहुधा एखादी बाई असते आणि ती एकटीच आलेली असते. ‘महाराज, जोडीने पायी वारीचा नेम धरला आणि वाटेत एकाला चालवेना, तर दुसऱ्याने काय करावे? पुढे जावे तर जोडीदाराला टाकल्याचा दोष, मागे फिरावे तर नेम मोडल्याचा दोष.’ कीर्तन करीत होतो तोवर मी याचे उत्तर झटकन देत असे. आता कीर्तन थांबून काही वर्षे झाली. गळा गेला, त्याबरोबर पाठ असलेली उत्तरेही गेली, आणि ते बरे झाले असे मला वाटते. आज या प्रश्नापाशी थोडे बसू.

पूर्वपक्ष काय म्हणतो ते आधी ऐकून घ्यावे, कारण तो दुबळा नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायात त्यागाचे तीन प्रकार सांगितले आहेत. शरीराला कष्ट होतील या भीतीने जो आपले कर्म सोडतो, त्याचा त्याग राजस. त्याला त्यागाचे फळ मिळत नाही. मग पायाला फोड आला म्हणून वारी सोडणारा कोणत्या पंक्तीत बसला? वारी चुकू देऊ नकोस, एवढेच मागणे संतांनी देवाकडे मागितले. बायकोला ताप आला, नवऱ्याचा गुडघा धरला, घरी म्हैस व्याली, असे म्हणत प्रत्येक जण थांबत गेला असता, तर आळंदीहून निघालेली दिंडी सासवडच्या पुढे सरकलीच नसती. हा पूर्वपक्ष मी स्वतः मांडलेला आहे. नुसता मांडला नाही, केलेला आहे. ते पुढे सांगतो.

उत्तरपक्षही गीतेतच आहे, एक अध्याय अलीकडे. सतराव्यात भगवंत म्हणतात की, दंभाने आणि अहंकाराने जे शरीराला पिळून घोर तप करतात, ते त्या शरीरात राहणाऱ्या मलाच कष्ट देतात. तरुणपणी मी याचा अर्थ एवढाच घेत असे की आपल्या देहाला फार छळू नये. पण माउली, तो देह आपलाच असला पाहिजे असे तिथे कुठे म्हटले आहे? माझ्या नेमापायी माझ्या बायकोचा देह पिळला गेला, तर त्या देहात राहणारा कुणी निराळा होता काय?

आता 1984 सालचे सांगतो.

मी तेव्हा पस्तिशीच्या आत होतो. कीर्तनाला नुकते नाव होऊ लागले होते. फलटणच्या मुक्कामात एका मोठ्या दिंडीत माझी कीर्तनसेवा ठरली होती. त्या वर्षी माझी मंडळी प्रथमच आळंदीपासून बरोबर चालत होती. तिला वारीची ओढ माझ्यापेक्षा जुनी. तिच्या माहेरी तीन पिढ्यांची माळ. दिवेघाट तिने डोक्यावर तुळस घेऊन चढला. वाल्ह्याच्या मुक्कामी तिला ताप भरला. पहाटे काकड्याच्या वेळी तिचा हात धरला तर तवा तापल्यासारखा. मी विचार केला तो असा: हिच्यापाशी थांबलो तर फलटणची सेवा जाते. नीरेला पोचल्यावर दिंडीतल्या, परत निघालेल्या एका म्हातारीच्या सोबतीने तिला एसटीत बसवले आणि मी पुलावरून पुढे गेलो. माउलींच्या पादुकांना त्या दिवशी नीरा स्नान घडते. ते पाहताना मला किती धन्य वाटले म्हणून सांगू! संसार मागे टाकून निघालेला वैराग्यपुरुष तो मीच, अशी माझी खात्री झाली होती.

तो ताप विषमज्वराचा निघाला. ती महिनाभर अंथरुणावर होती. केस गेले. माझ्या आईने तिचे केले. मी मात्र आषाढी करून, काला करून, सावकाश घरी आलो. गावाने पायावर पाणी घालून मला घरात घेतले.

पालखी तळावर समाजआरतीच्या वेळी काय होते ते तुम्हाला ठाऊक आहे. चोपदार दंड उंचावतात आणि लाखोंच्या मेळ्यात एकदम शांतता होते. पण ज्या दिंडीची तक्रार असते, ती आपले टाळ वाजवीतच राहते. चोपदारांनी जाऊन तिचे ऐकून घ्यायचे, मग आरती. केवढी शहाणी रीत आहे ही! आमच्या घरात मात्र तो टाळ कधी वाजला नाही. मी मनात धरून होतो की तक्रारच नाही. पुढे बारा-पंधरा वर्षांनी, मी माजघरात बसून कुणाला तरी वारीच्या गोष्टी सांगत होतो, तेव्हा ती निवडत असलेल्या तांदळाच्या सुपातून मान वर न करता म्हणाली, ‘त्या वर्षी तुम्ही पांडुरंगाला माझं काय सांगितलंत हो?’

मी त्या वर्षी पदस्पर्श दर्शनाच्या बारीत सारी रात्र उभा होतो. देवाच्या पायावर डोके ठेवले होते. त्या साऱ्या वेळात मला तिची आठवण झाली नव्हती. एकदाही नाही. मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. तिला ते कळले असणार. तिने पुन्हा विचारले नाही. तिला जाऊन आता बरीच वर्षे झाली.

हे सगळे मनात घेऊनच मी 2022 च्या वारीला निघालो. दोन वर्षे महामारीने वारी अडवली होती. 2020 च्या आषाढ शुद्ध दशमीला माउलींच्या पादुका एसटी बसमध्ये बसून पंढरीला गेल्या, हे आपण साऱ्यांनी घरात बसून पाहिले आणि डोळे पुसले. त्यामुळे 2022 ला पायी सोहळा पुन्हा सुरू झाला तेव्हा जो तो चालायला आसुसलेला होता. माझे गुडघे मात्र सासवडलाच बोलू लागले. दिंडीवाल्यांनी मला उचलून सामानाच्या ट्रकमध्ये बसवले. ताडपत्र्या, राहुट्यांचे बांबू, पातेली, गॅसच्या टाक्या, आणि त्यात मी. चाळीस वर्षे पायी चाललेल्या माणसाला ट्रकमधून चालणारे दिसतात तेव्हा फार लाज वाटते. खरे म्हणजे तो अभिमानच असतो.

आमच्या दिंडीत माणदेशातले एक जोडपे होते. साठी ओलांडलेले, कोरडवाहू शेतकरी. त्यांना सगळे तात्या आणि आक्का म्हणत. मुलाच्या मोठ्या आजारपणात दोघांनी नेम बोलला होता की, हा बरा झाला तर जोडीने आळंदी ते पंढरी पायी येऊ. (असे बोलणे आपल्या संप्रदायाला फारसे मानवत नाही, वारी निष्काम असावी म्हणतात. पण मूल अंथरुणावर असताना निष्काम राहणारी आई मी तरी पाहिलेली नाही.) मुलगा बरा झाला, मग महामारी आली, नेम तसाच राहिला. तो फेडायला ते आले होते.

आक्कांना साखरेचा आजार. दिवेघाटात तळपायाला फोड आला, फुटला, तरी त्यांना कळले नाही, कारण त्या आजारात पायाची जाणीवच कमी होते. लोणंदला तात्यांनी पाय धुताना पाहिले तेव्हा करंगळीजवळ काळे पडले होते. आरोग्य पथकाच्या तंबूतल्या डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या. हा पाय जमिनीला लागता कामा नये. आणि लवकर घरी जाऊन मोठ्या दवाखान्यात दाखवा.

त्या रात्री राहुटीत जे झाले ते मी शेजारच्या अंथरुणावरून ऐकले. आधी आक्का म्हणाल्या, ‘तुम्ही चाला, मी गाडीनं घरी जाते.’ तात्या म्हणाले, ‘न्हाई. दोघांचा नेम हाय. मी बी येतो घरी.’ मला वाटले, वा, हाच खरा माणूस! मी 1984 साली जे केले नाही ते हा करतो आहे. पण आक्का उठून बसल्या आणि म्हणाल्या, ‘म्हंजे माझ्यापायी तुमची वारी मोडली, हे मी जन्मभर उरावर घिऊन बसू व्हय? रोज माझ्या तोंडाकडं बघून तुमास्नी पंढरी आठवंल, आन् मला ते दिसंल.’

माउली, हे मला कोणत्याही ग्रंथात सापडले नव्हते. जोडीदाराला टाकून जाणे हा अपराध, एवढे मला उशिरा का होईना कळले होते. पण जोडीदारासाठी सारे सोडून बसणे, आणि ते त्याला न विचारता, हीसुद्धा एक प्रकारची चढाई असू शकते, हे मला कळले नव्हते. पुढे गेलो असतो तर मी निष्ठावंत, मागे राहिलो असतो तर मी दयावंत. दोन्हीकडे मीच. ती बाई कुठे आहे यात? जोडीने घेतलेला नेम एकट्याने पाळता येत नाही तसा एकट्याने मोडताही येत नाही. त्याची कूस वळवायची तर दोघांनी मिळून वळवावी लागते.

पहाटे दोघे माझ्याकडे आले. ‘महाराज, शास्त्र काय सांगतं?’ मी शास्त्र बाजूला ठेवले आणि विचारले, ‘तुम्हाला दोघांना काय पटते?’ बराच वेळ गेला. शेवटी ठरले ते असे: आक्कांनी ट्रकमध्ये बसून मुक्कामोमुक्काम यायचे, पाय टेकायचा नाही, रोज पट्टी बदलायची, तात्यांनी चालायचे, पण दुपारच्या विसाव्यापर्यंतच, तिथून ट्रक गाठायचा. आणि आक्कांची तुळस तात्यांनी डोक्यावर घ्यायची. मी म्हणालो, ‘उत्तम.’

त्या ‘उत्तम’विषयी मला पुढे बोलायचे आहे.

चांदोबाच्या लिंबाला उभे रिंगण झाले तेव्हा तात्या तुळशीचे वृंदावन डोक्यावर घेऊन रांगेत उभे होते. एक-दोघांनी कुजबूज केली की तुळस बायांनी घ्यावी, पुरुषाने टाळ नाहीतर पताका. विणेकरी माझ्याकडे पाहू लागले. मी म्हणालो, बंदी असल्याचे माझ्या वाचनात नाही. तात्यांना त्याचे काहीच नव्हते. त्यांना काळजी एवढीच की, मान ताठ धरायची सवय नाही, कुंडी हलते आहे. संध्याकाळी ट्रकजवळ येऊन ते आधी तुळस आक्कांना दाखवीत, मग टोपी काढून डोके दाखवीत. आक्का दिवसभर माझ्यासमोर पाय उशीवर ठेवून लसूण सोलत. एकदा मी माझी ट्रकमधली लाज बोलून दाखवली, तर म्हणाल्या, ‘माउली बसल्या हुत्या की एस्टीत. आपण काय त्यांच्यापरीस मोठं?’ चाळीस वर्षांच्या अभिमानाला एवढे औषध पुरले.

इथे मला भक्त पुंडलिकाची कथा आठवते. विटेची गोष्ट लहान मुलालाही ठाऊक आहे. तिच्या आधीचा भाग आपण घाईने उरकतो. पुंडलिक काशीयात्रेला निघाला आहे. हा बायकोसह घोड्यावर, म्हातारे आईबाप पायी. वाटेत कुक्कुटस्वामींच्या आश्रमात मुक्काम पडतो. स्वामींना काशीची वाट विचारली तर ते म्हणतात, मी कधी गेलेलो नाही. आणि पहाटे पुंडलिक पाहतो की, मळलेल्या वस्त्रांच्या स्त्रिया आश्रमात येतात, झाडलोट करतात, आणि उजळून बाहेर पडतात. त्या गंगा, यमुना, सरस्वती. आईबापांच्या सेवेतून न हलणाऱ्या माणसाच्या दारी नद्याच पापे धुवायला आल्या होत्या. पुढे पाठभेद आहेत. कुणी सांगतात तो तिथूनच परतला. कुणी सांगतात त्याने आईबापांना घोड्यावर बसवले आणि स्वतः पायी चालू लागला. कोणताही पाठ घ्या, यात्रेचा बेत वाटेतच बदलला. देव भीमेच्या तीरी आला तो त्या बदललेल्या बेतामागून. आज आपण ज्या पंढरीचा नेम मोडेल म्हणून घाबरतो, ती पंढरी एका मोडलेल्या बेतातून उभी राहिलेली आहे.

एक गोष्ट मात्र मला आता टोचते. ही कथा मी शेकडो वेळा सांगितली असेन. पुंडलिक घोड्यावरून उतरला, हे मी हात उंचावून सांगत असे आणि टाळकरी गजर करीत. त्याची बायको उतरली का? तिला कुणी विचारले का? मी एकदाही सांगितले नाही, आणि मला एकदाही कुणी विचारले नाही.

असो. यात्रा आणि वारी यांत भेद आहे, तो इथे कामाला येतो. यात्रा एकदा पुरी झाली की झाली. वारी म्हणजे येरझार. आषाढी, कार्तिकी, माघी, चैत्री, आणि पुन्हा आषाढी. ती कधी पुरी होतच नाही. मग ती अपुरी राहिली म्हणून रडायचे कशाला? पण हे वाक्य मला फार सोपे वाटू लागले की मी आक्कांचा पाय आठवतो.

नातेपुत्यात त्यांना थंडी वाजून ताप आला. पट्टीतून वास येऊ लागला. आता ट्रकचा प्रश्नच नव्हता. अकलूजला दवाखान्यात न्यायचे ठरले आणि या वेळी तात्यांनी विचारलेही नाही, आक्कांनी अडवलेही नाही. फक्त एवढे म्हणाल्या, ‘वाटंवरच हाय, तर पुरंदवड्याचं रिंगण तेवढं बघू द्या.’ पालखीच्या वाटेवरचे पहिले गोल रिंगण तिथे होते. दोघांनी एका ट्रॉलीच्या कठड्याशी बसून माउलींचा अश्व धावताना पाहिला. तात्यांनी जाऊन टापेखालची माती आणून त्यांच्या कपाळाला लावली. मग ते गेले.

अकलूजला करंगळी काढावी लागली. तिथल्या डॉक्टरांनी तात्यांना स्पष्ट सांगितले की, लोणंदहून थेट आणले असते तर बोट बहुधा वाचले असते.

आता माझ्या ‘उत्तम’कडे या. लोणंदच्या डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. पाय टेकू नका, ही आम्ही ऐकली, कारण ती वारीत बसत होती. घरी जा, ही ऐकली नाही. दोघांनी मिळून ठरवले म्हणजे ठरवलेले बरोबरच असते, असे मुळीच नाही. दोघांची मिळून एकच ओढ असली तर दोघे मिळून चुकतात. आणि तिसरा, ज्याने भानावर आणायचे, तो आपल्या जुन्या पापाचे प्रायश्चित्त या दोघांच्या जोडीत शोधत बसला होता. मला त्यांची वारी एकत्र पुढे गेलेली हवी होती. ती त्यांच्यासाठी हवी होती की माझ्यासाठी, हे तेव्हा मी स्वतःला विचारले नाही. मी पुढे तात्यांची क्षमा मागितली. ते म्हणाले, ‘तुमी कशाला मागता? आमाला काय कळत नव्हतं?’ त्यात क्षमा होती की नुसती समजूत, मला अजून नीट लागत नाही.

म्हणून जी बाई एकटी येऊन मला प्रश्न विचारते, तिला मी आता आधी एवढेच विचारतो: घरी हे बोलला आहात का? बहुतेक वेळा ती बोललेली नसते. आणि दुसरे सांगतो की, वैद्याचे ऐकायचे तर पुरते ऐका. त्यातले आपल्या सोयीचे निवडू नका. ‘हो’ला ‘हो’ मिळवणारा बुवा वाटेत भेटला तर त्याच्यापासून थोडे जपून राहा.

पुरंदवड्याला निघण्यापूर्वी तात्यांनी तुळस माझ्या मांडीवर आणून ठेवली. ‘एवढी पंढरीला न्या.’ मी हो म्हणालो, आणि मग आक्कांच्या ट्रॉलीपाशी काठी टेकत गेलो. कुणाला तरी विचारायचे माझे फार वर्षांचे राहिले होते. विचारले, ‘आक्का, पांडुरंगाला तुमचे काय सांगू?’

मला वाटले पायाचे सांगतील. त्यांनी आभाळाकडे पाहिले. त्या वर्षी आमच्याकडे पाऊस लांबला होता. म्हणाल्या, ‘बाजरीची पेर खोळंबलीय म्हणावं. पायाचं डाक्टर बघत्याल.’

पदस्पर्शाच्या बारीत उभे राहण्याचे बळ आता माझ्यात नाही. एकादशीला दोन पोरांनी दंडाला धरून मला नामदेव पायरीपर्यंत नेले. तुळस त्यातल्या एकाच्या डोक्यावर होती. पायरीला हात लावला, कळसाकडे पाहिले आणि बाजरीचा निरोप सांगितला. मागून गर्दी रेटत होती, पोरे ‘चला महाराज, चला’ म्हणत होती. 1984 सालचा एक निरोप राहिला होता. तो काय होता हे मला ठाऊक नाही, मी विचारलेच नव्हते. तिचे नाव तेवढे घेतले आणि पुढे सरकलो.